कोरडा पुठ्ठा

“दाखवा की. जरूर दाखवा,” मेस्त्री म्हणाले आणि त्यांनी बॉनेट खाली घेतलं. एरवी ते वीतभर वरून सोडून देतात. धाडकन आवाज होतो, आणि तो आवाज म्हणजे काम झालं, निघा आता. त्या दिवशी त्यांनी दोन्ही तळहात टेकवून ते अलगद दाबून बसवलं. खट्ट, एवढंच वाजलं. मग खांद्यावरची चिंधी काढून बोटं पुसत राहिले, एकेक बोट, पार नखांच्या कडांपर्यंत, आणि पुसता पुसताच पलीकडच्या गाडीकडे वळले. बाकी काही घडलं नाही. ते रागावले नाहीत, टोमणा मारला नाही, “माझ्यावर विश्वास नाही का?” असंही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. मी फक्त म्हटलं होतं, “इंजिन खोलायच्या आधी एकदा दुसरीकडे दाखवून घेते.” हे वाक्य मी घरून घोकून गेले होते. त्यातला ‘एकदा’ मुद्दाम घातलेला होता, बोलण्याची धार कमी व्हावी म्हणून. ती काही कमी झाली नाही.

सुरुवात कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीपासून झाली. बॉनेटखाली ती दुधी प्लास्टिकची बाटली असते, तिच्यावर दोन रेघा, आणि इंजिन थंड असताना पातळी त्या दोन रेघांच्या मध्ये हवी. माझ्या बाटलीतलं हिरवं पाणी खालच्या रेघेच्याही खाली गेलं होतं. भरलं. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा भरलं. कूलंट काही पेट्रोलसारखं खर्च होत नाही, ते बंद वाटेने गोल गोल फिरत असतं. पातळी उतरली म्हणजे ते कुठेतरी गेलेलं असतं. हे कळत असूनही दोन वेळा मी नुसतं भरत राहिले, कारण भरलं की बाटली छान दिसते आणि काळजी चार दिवस लांब जाते. तिसऱ्या वेळी मात्र शाळेतून येताना, चढावर, पुढे गाड्यांची रांग अडकलेली असताना तापमानाचा काटा हलला. हा काटा कधी हलत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी बघतही नाही. तो हलला की पोटात खड्डा पडतो. मी एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला, काचा खाली केल्या. हीटर इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालतो. तो लावला की थोडी उष्णता आपल्या अंगावर येते आणि इंजिनाचं ओझं तेवढं हलकं होतं. गरम वारा तोंडावर घेत मी त्या काट्याला डोळ्यांनी धरून ठेवलं होतं. तो तिथेच थबकला, मग सावकाश उतरला. रांग सुटल्यावर मी गाडी कडेला घेऊन बंद केली आणि बाहेर उभी राहिले, तेव्हा पुढच्या बाजूने एक वास आला. गोडसर, साखर तापावी तसा. क्षणभरच आला आणि गेला.

तो वास मी विसरले. पुढे जे काही झालं त्याचं मूळ बरंचसं या विसरण्यात आहे.

माझे वडील गाडीखाली पुठ्ठा सरकवायचे. रात्री गाडी लावली की खोक्याचा एक चौकोनी तुकडा इंजिनाखाली, आणि सकाळी आंघोळीच्याही आधी तो बाहेर काढून उजेडात धरायचे. काळपट तपकिरी डाग म्हणजे इंजिन ऑइल. लालसर म्हणजे स्टिअरिंगचं ऑइल असायची शक्यता. हिरवट आणि बोटांना बुळबुळीत लागणारा म्हणजे कूलंट. डागाभोवती बॉलपेनने गोल काढायचे आणि शेजारी तारीख घालायचे. एकेका पुठ्ठ्यावर पाच-सहा गोल असत, एकमेकांत शिरलेले, आणि मला लहानपणी ते नकाशासारखे वाटायचे. कूलंटचा डाग दिसला की मात्र ते लगेच बादलीभर पाणी आणून जमीन धुवून काढायचे. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्र्या-मांजरांनी ते चाटलं तर त्यांच्या जिवावर बेततं. मला त्यांनी हे एकदाच सांगितलं, पण सांगताना माझा हात इतका घट्ट धरला होता की ते कायमचं लक्षात राहिलं. आणि त्यांची आणखी एक गोष्ट लक्षात राहिली. गाडीला एकच हात लागला पाहिजे, असं ते म्हणायचे. एक माणूस धरायचा आणि शेवटपर्यंत त्याच्याकडेच जायचं. त्याला गाडीचा स्वभाव कळतो. त्यांनी तसंच केलं, आणि त्यांच्यामागे मीही तसंच करत आले. या मेस्त्रींकडे मी चौदा वर्षं जातेय.

काटा हलला त्या रात्री मी पुठ्ठा शोधला. सात रात्री ठेवला, सात सकाळी काढला, कोपऱ्यात सात तारखा घातल्या. डाग एकही नाही. पुठ्ठा कोरडा ठणठणीत, आणि बाटलीतली पातळी मात्र करंगळीच्या पेराएवढी उतरलेली. तो पुठ्ठा घेऊनच मी मेस्त्रींकडे गेले. “खाली थेंबसुद्धा पडत नाही,” मी म्हटलं, आणि म्हणताना मला जरा बरं वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. नीट निरीक्षण करून, पुरावा घेऊन आलेली बाई. मेस्त्रींनी पुठ्ठा हातात घेतला, उलटसुलट केला, परत दिला. “बाहेर पडत नाही,” ते म्हणाले, “म्हणजे आत जातंय.”

मग त्यांनी बघायला सुरुवात केली आणि एकेक गोष्ट सापडत गेली. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट फेसाळ थर. गाडी चालू केली तर सायलेन्सरमधून पांढरा धूर. कूलंटच्या बाटलीत अधूनमधून वर येणारे बुडबुडे. इंजिन तापल्यावर वरचा होज पाइप दाबून बघितला तर दगडासारखा कडक. प्रत्येक गोष्टीपाशी ते मला बोलावून दाखवत होते, आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. त्यात बनाव नव्हता. चौदा वर्षांत त्यांनी मला कधी नको ते काम करायला लावलेलं नाही. “मॅडम, हेड गॅस्केट,” ते शेवटी म्हणाले. “हेड उतरवावं लागेल. फेसिंग मारून, म्हणजे घासून सपाट करून आणावं लागेल.”

इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये कागदासारखी पातळ पट्टी असते, तिला गॅस्केट म्हणतात. तिच्या अंगात भोकंच भोकं. काही भोकांच्या जागी सिलिंडरमधला जाळ, काहींतून ऑइल, काहींतून कूलंट. या तिघांनी एकमेकांना भेटायचं नाही, एवढंच तिचं काम. मध्ये जागा अगदी थोडी. एका अंगाला दोन हजार अंशांच्या घरात जाणारा भडका आणि दुसऱ्या अंगाला नव्वद अंशांच्या आसपास ठेवलेलं पाणी. गाडी फार तापली की अॅल्युमिनियमचं हेड किंचित वाकतं, पट्टीवरचा दाब कुठेतरी सैल होतो, आणि मग हे तिघे एकमेकांत मिसळतात. हे सगळं मला मेस्त्रींनीच जुन्या, काढून टाकलेल्या एका गॅस्केटवर बोट फिरवत समजावलं. गॅस्केटच्या दोन भोकांमध्ये एक काळी रेघ जळत गेली होती, केसाएवढी. “एवढ्यानं?” मी विचारलं. “एवढ्यानंच,” ते म्हणाले.

त्या रात्री मी तो कोरडा पुठ्ठा टेबलावर ठेवून बसले होते. खर्चाची धास्ती होतीच. इंजिन एकदा खोललं की ते पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही, हे ऐकीव वाक्यही डोक्यात घोळत होतं. पण टोचत होतं ते वेगळंच. मी भूमिती शिकवते. दरवर्षी एका विशिष्ट आठवड्यात मी फळ्यावर ‘व्यत्यास’ हा शब्द लिहिते आणि मुलांना तोच तोच प्रश्न विचारते: प्रमेय खरं आहे, मान्य. त्याचा व्यत्यास आपोआप खरा ठरतो का? मुलं मोठ्यांदा ‘नाही’ म्हणतात आणि पुढच्याच उदाहरणात तो गृहीत धरतात. हेड गॅस्केट गेलं तर झाकणाखाली फेस येतो, हे प्रमेय. झाकणाखाली फेस आला म्हणजे हेड गॅस्केट गेलं? हा व्यत्यास झाला, आणि तो कोणी सिद्ध केलेला नव्हता. माझं घर ते शाळा हे अंतर इतकं थोडं की इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं. आतला दमटपणा वाफ होऊन निघून जात नाही, झाकणाच्या थंड पत्र्याला धरतो आणि तेलात मिसळून पांढरा होतो. पांढरा धूर? पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच, पुरत्या न तापलेल्या सायलेन्सरमधून ते वाफेसारखं दिसतं. ते पाच-दहा मिनिटांत विरतं का, हे आम्ही बघितलंच नव्हतं. बुडबुडे? मी दोनदा वरून कूलंट ओतलं होतं, तेव्हा आत अडकलेली हवा असू शकते. पाइप कडक? गरम इंजिनाचा पाइप कडकच असतो, आत दाब असतो म्हणून. तो दाब असतो म्हणून तर अर्धं पाणी आणि अर्धं ग्लायकॉल यांचं मिश्रण, जे उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळेल, ते बंद झाकणाखाली १२५ च्याही पुढे तग धरतं. चार खुणा, आणि चारही दोन्हीकडे साक्ष देणाऱ्या. मेस्त्री चुकले असं मला अजिबात म्हणायचं नव्हतं. चार खुणा एकत्र दिसल्यावर मीही तेच म्हटलं असतं. फक्त, सिद्धता नव्हती.

तरीही दुसरीकडे जायचं म्हटलं की पाय उचलत नव्हता. दुसऱ्याचं मत घेणं ही सरळ, शहाणपणाची गोष्ट आहे, हे मला कोणी शिकवायला नको. पण त्यात एक माणूस मागे उभा राहतो, चिंधीला हात पुसत. त्या जागी उभं राहणं काय असतं, ते मला माहीत आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. वार्षिक परीक्षेचे पेपर मी तपासले होते आणि एका मुलीला गणितात फार कमी गुण पडले. ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही, चौकटीला धरून म्हणाली, “बाई, मी फेरतपासणीला देतेय.” परवानगी मागत नव्हती, नुसतं सांगायला आली होती. मला आधीच कळावं, नंतर दुसऱ्याकडून कळू नये म्हणून. मी म्हटलं, “दे ना, जरूर दे.” आणि समोरच्या वह्यांच्या गठ्ठ्याच्या कडा नीट जुळवत बसले, ज्या आधीच जुळलेल्या होत्या. मनातून मला लागलं होतं. मी रात्र रात्र जागून तपासलेले पेपर ते, प्रत्येक पायरीला गुण देणारी मी. त्या पोरीला हे माहीत नव्हतं का? फेरतपासणीत सापडलं की तिच्या पुरवणीचं शेवटचं पान मागच्या पानाला चिकटलं होतं. शाई सांडली असेल, दमट हवा असेल, कोण जाणे. त्या पानावर दोन पूर्ण उदाहरणं होती, अचूक सोडवलेली. मी ती बघितलीच नव्हती. जे बघितलं होतं ते बरोबर तपासलं होतं, अगदी अर्ध्या गुणापर्यंत. फक्त एक पान माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. ती मुलगी नंतर पेढे घेऊन वगैरे आली नाही. व्हरांड्यात समोरून येताना थोडी थांबायची आणि मान खाली घालून जायची, जणू चूक तिचीच. मी तिला थांबवून काही बोलले नाही. काय बोलायचं ते मला तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं तोवर ती शाळा सोडून गेली होती. तिचं अक्षर मला अजून आठवतं, सातचा आकडा ती मध्ये आडवी रेघ मारून काढायची.

त्यामुळे मेस्त्रींनी ते बॉनेट अलगद बसवलं तेव्हा मला माझ्या वह्यांच्या कडा दिसल्या.

दुसरा मेकॅनिक वयाने लहान होता, जेमतेम तिशीचा. मी त्याला मेस्त्रींचं निदान सांगितलं नाही. ठरवूनच सांगितलं नाही, कारण उत्तर माहीत असलं की माणूस त्या उत्तराच्याच वाटेने चालतो. फक्त म्हटलं, कूलंट कमी होतंय, बाहेर थेंब दिसत नाही, काटा एकदा वर गेला होता. त्याने बॉनेट उघडायच्या आधी मला तीन-चार प्रश्न विचारले. रोज किती अंतर चालते? कमी होतं ते गाडी चालवल्यावर की उभी असतानाही? आणि मग, “ताई, वास येतो का कधी? गोडसर?”

मी गप्प झाले. तो चढ, ती रांग, कडेला घेतलेली गाडी, आणि पुढून आलेला तो वास, सगळं एकदम समोर आलं. “आला होता,” मी म्हटलं. “एकदा. बाहेर उभी होते तेव्हा.” बाहेर. शब्द तोंडातून निघाला तेव्हाच मला त्याचा अर्थ कळला. कूलंट इंजिनाच्या आत जळत असतं तर वास सायलेन्सरच्या बाजूने, मागून यायला हवा होता. पुढून आला, म्हणजे ते पुढेच कुठेतरी गरम लोखंडावर पडून उडून जात होतं. मेस्त्रींना मी कोरडा पुठ्ठा दाखवला होता, वास सांगितला नव्हता. चिकटलेलं पान या वेळी माझ्याच हातात होतं.

त्याने आधी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढून पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा काढली आणि पांढऱ्या कागदावर टेकवली. तेल स्वच्छ होतं, मधासारखं पारदर्शक. “झाकणाला फेस आहे, पण खाली तेल साफ आहे. कूलंट तेलात गेलं असतं तर हेपण दुधी झालं असतं,” तो म्हणाला. मग त्याने काचेचं एक नळकांडं काढलं, त्यात निळं पाणी ओतलं, आणि ते बाटलीच्या तोंडावर घट्ट बसवून इंजिन चालू ठेवून वर रबरी फुगा दाबायला लागला. बाटलीतली हवा त्या निळ्या पाण्यातून बुडबुडत वर येत होती. “पिवळं झालं तर गॅस्केट,” तो म्हणाला. मला ते पाणी ओळखीचं वाटलं. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई मुलांना नळीने निळ्या पाण्यात फुंकर घालायला लावतात आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ते हिरवट होत होत पिवळं पडतं. ब्रोमोथायमॉल ब्लू. सिलिंडरमधला जाळ पाण्याच्या वाटेत शिरत असेल तर त्याच्यासोबत कार्बन डायऑक्साइड येणारच, आणि हे पाणी ते लपू देणार नाही. आम्ही दोघं त्या नळकांड्याकडे बघत उभे होतो. इंजिन तापलं, पंखा सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. तो फुगा दाबत होता, सोडत होता. मी इतक्या एकाग्रतेने एखाद्या रंगाकडे कधी बघितलं नव्हतं. पाणी निळंच राहिलं.

हा पुरावा. याला व्यत्यासाची भानगड नाही.

पण मग कूलंट जातंय कुठे? त्याने हातपंप लावला, घड्याळाच्या तबकडीसारखं मीटर असलेला. पंप मारून आत झाकणावर लिहिलाय तेवढा दाब भरायचा आणि काटा उतरतो का बघायचा. पंधरा मिनिटं झाली, काटा जागचा हलला नाही. मला वाटलं, झालं, आता हाही म्हणणार की काही कळत नाही. तो म्हणाला, “गरम आहे ना, सगळं फुगलंय. रात्रभर राहू दे. सकाळी थंडीत बघू.” मला हे इतकं साधं, इतकं बरोबर वाटलं, की मी तिथेच वाट बघत उभी राहिले असते. मेस्त्रींकडे मी नेहमी शाळा सुटल्यावर, गाडी चालवत जायची. त्यांनी माझं इंजिन कधी थंडगार बघितलंच नव्हतं. कसं बघणार? मी ते नेहमी तापवूनच त्यांच्यापुढे नेलं.

सकाळी गेले तर गाडी लिफ्टवर होती आणि खालचं प्लास्टिकचं कव्हर काढून भिंतीला टेकवलेलं. इंजिनाला खालून चिखल-दगड लागू नयेत म्हणून ते असतं, गाडीच्या पोटाला लावलेला लांबरुंद तबकच म्हणा. त्याच्या आतल्या बाजूला, एका खोलगट कोपऱ्यात, वाळलेल्या हिरवट-पांढऱ्या कड्यांचा एक ठसा होता. एकात एक अशा बऱ्याच कडा, तळं आटत जाताना काठाला राहतात तशा. प्रत्येक रात्री दोन-चार थेंब पडलेले, दिवसा गरमीने आटलेले. माझे सात दिवस तिथे होते. तारखा तेवढ्या नव्हत्या. माझ्या पुठ्ठ्याच्या वीतभर वर दुसरा एक पुठ्ठा कारखान्यातूनच लावून आला होता, आणि मी खालचा वाचत बसले होते.

मग त्याने माझ्या हातात बॅटरी दिली आणि दांडीला लावलेला छोटा आरसा कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाखाली धरला. “ते भोक बघा.” पंपाच्या अंगाला, दांड्याच्या बरोबर खाली, तांदळाच्या दाण्याएवढं एक भोक होतं, आणि त्याच्या तोंडाशी हिरवट मिठासारखं काही साठलेलं. मी बघत असतानाच तिथे एक थेंब जमायला लागला. आधी नुसती ओल. मग फुगवटा. मग हिरवा, लांबट थेंब, आरशात उलटा, स्वतःच्या वजनाने ताणला जाणारा. तो सुटायला पुरतं एक मिनिट लागलं असेल. हे भोक बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं. पंपाच्या दांड्याभोवतीचं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये शिरून ते खाईल, त्याऐवजी ते या वाटेने बाहेर पडावं आणि कोणाला तरी दिसावं. थोडक्यात, पंप गेले दोन-तीन महिने जमेल तसं सांगत होता. तापला की त्याचं सील फुगून मिटायचं आणि तो गप्प व्हायचा. पुन्हा थंड झाला की सांगायला लागायचा, अंधारात, कोणी नसताना.

“पंप बदला. बाकी काही नाही,” तो मुलगा म्हणाला. “जास्त दिवस ठेवू नका मात्र, बेअरिंग धरलं तर पट्टा तुटेल.” तपासणीचे पैसे त्याने घेतले आणि मी विचारायच्या आधीच म्हणाला, “काम कुठेही करा. तुमचा नेहमीचा माणूस असेल तर त्याच्याकडे करा.”

नेहमीच्या माणसाकडे जायला मला दोन दिवस लागले. वाटेत पुन्हा वाक्यं घोकली आणि पोचल्यावर एकही वापरलं नाही. मी आधी वासाचं सांगितलं. मला वास आला होता आणि मी तुम्हाला सांगायचं विसरले, असं म्हटलं. मग निळ्या पाण्याचं आणि पंपाचं सांगितलं. मेस्त्री काही बोलले नाहीत. चटई ओढली, गाडीखाली गेले, आणि आतून त्यांचा हात बाहेर आला, उघडा. मी त्यात बॅटरी ठेवली. बराच वेळ नुसते त्यांचे पाय दिसत होते. एका चपलेचा अंगठा मोळा मारून बसवलेला होता, तो हलायचा थांबला तेव्हा मला कळलं की त्यांना सापडलं. बाहेर आले तेव्हा तर्जनीच्या टोकावर ती हिरवी-पांढरी खपली होती. त्यांनी ती अंगठ्याने चुरली, नाकाशी नेली.

“थंड असताना बघितली त्यांनी?” एवढंच विचारलं.

“हो. रात्रभर ठेवून घेतली होती.”

त्यांनी मान हलवली. “आज इथेच ठेवा गाडी,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी पंप बदलून झाला होता, यंत्रणेतली हवा काढून नवं कूलंट भरलं होतं. जुना पंप त्यांनी कागदात गुंडाळून माझ्यासाठी ठेवला होता. मी मागितला नव्हता. दांडा बोटाने फिरवून दाखवला, मध्येच तो खरखरत होता. “आणखी महिनाभर,” ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य गिळलं. मग बॉनेट वीतभर वरून सोडलं. धाडकन.

पातळी तेव्हापासून जागेवर आहे. मी रोज बघते, गरज नसतानाही.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी मेस्त्रींचा फोन आला. ते कधी फोन करत नाहीत. मला वाटलं, काहीतरी राहिलं. मागे कुठल्या तरी इंजिनाचा आवाज होता आणि ते त्याच्यावरून मोठ्यांदा बोलत होते. “मॅडम, ते निळं पाणी म्हणालात ना तुम्ही, पिवळं होतं ते. त्याचं नाव काय?”

मी नाव सांगितलं. त्यांना नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं.

“थांबा, थांबा. पुठ्ठ्यावर लिहितोय,” ते म्हणाले. “एकेक अक्षर सांगा.”